एकदाच उकळलेला चोथा

आमच्या गल्लीत क्वान काकू ही एकटीच बाई अशी, जी रस्त्यानं चालताना समोर बघत नाही. बाकीचे लोक दुकानांकडे बघतात, एकमेकांच्या कपड्यांकडे बघतात, हल्ली तर मोबाइलमध्येच डोकं घालून चालतात. काकू बघते खाली. का म्हणून विचारलं तर म्हणते, "माणसं खोटं बोलतात. चोथा नाही बोलत."

काढा उकळून झाला की उरलेला चोथा रस्त्यात ओतायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांना लागून दुखणं घराबाहेर निघून जातं, ही आमच्याकडची जुनी रीत. नगरपालिकेनं तिठ्यावर बोर्ड लावला, झाडूवाल्या शिव्या घालून घालून थकल्या, तरी आठवड्याला दोन-तीन ढीग पडतातच. काकूचं जडीबुटीचं दुकान सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. त्यामुळे ढिगाकडे एक नजर टाकली की कुणाला खोकला आहे, कुणाला झोप नाही, कुणाचा नवरा रात्री नुसताच घोरतोय, सगळं तिला कळतं. पण बोलत नाही कुणाला. तेवढ्या एकाच बाबतीत तिच्या तोंडाला कुलूप आहे. एरवी तोंड म्हणजे गिरणीचा भोंगा.

त्या सकाळी चहाघरात कोळंबीच्या वाफवलेल्या पुरचुंड्यांची एक टोपली आणि चहाच्या दोन किटल्या संपवून काकू दुकानाकडे निघाली. रोज ती नदीकाठच्या रस्त्यानं जाते, पण तो खणून ठेवला होता, म्हणून तिठ्यावरून आली. आणि तिथं थबकली.

ढीग ताजा होता. अजून वाफ निघत होती. काकूनं गुडघ्यांवर हात टेकले, वाकली, आणि छत्रीच्या टोकानं ढीग हलके पसरला. दोंगक्वायच्या मुळ्यांच्या चकत्या. पीचच्या बिया. करडईची फुलं, आणि तीही मूठभर. हे सगळं एकत्र कशासाठी देतात ते काकूला झोपेतही सांगता आलं असतं. अडलेली पाळी मोकळी करायला. आमच्याकडे बायका पाळी म्हणत नाहीत, "थोरली मावशी आली" म्हणतात. मावशी येते, चार दिवस राहते, सगळ्यांना हैराण करते नि जाते. ती वेळेवर आली नाही की हा काढा.

काकूनं एक चकती उचलली आणि बोटांत धरून उजेडात पाहिली. तिरकी कापलेली, कागदासारखी पातळ. गावातली बाकीची सगळी दुकानं आता मशीननं कापलेला माल आणतात, सरळ नि जाडजूड. असा तिरका काप फक्त एकाच सुरीचा, आणि ती सुरी काकूच्या गल्ल्याखाली असते. म्हणजे माल आपलाच.

मग तिनं पीचची बी नखानं दाबली. दबेना. चकतीचा वास घेतला. भरभरून आला. काकू घाबरली ती इथं.

कारण काढा दोनदा उकळायचा असतो. सकाळी एक वाटी, त्याच पाल्यामुळ्यांत पुन्हा पाणी घालून संध्याकाळी दुसरी. पैसे दिलेत, पुरेपूर वसूल करायचे. दोनदा उकळलेल्या चोथ्याला ना वास राहतो ना दम. हा एकदाच उकळला होता. चांगल्या मालाचा निम्मा कस रस्त्यावर ओतून कोण मोकळं होईल? जिला तो वास घरात क्षणभरसुद्धा सहन झाला नाही ती. आणि दोंगक्वायच्या वासानं कुणाला मळमळतं? एरवी सहसा कुणाला नाही. आमच्या मुली त्या वासातच वाढतात.

"अगं बाई," काकू मोठ्यानं म्हणाली. "ही पोटुशी आहे."

शेजारून जाणाऱ्या भाजीवाल्यानं मागं वळून पाहिलं, पण काकूचं लक्ष नव्हतं. तिला पंधरा वर्षांपूर्वीची शेवयांच्या गाडीवरची बाई आठवली होती. तिनंही हेच मागितलं होतं, मावशी लांबलीय म्हणून. काकूनं न विचारता बांधून दिलं होतं. पुढच्या आठवड्यात कळलं की लांबली नव्हती, बाळ होतं. काढ्यानंच गेलं की जायचंच होतं, कुणी सांगू शकलं नाही. कुणी काकूला दोषही दिला नाही. ती बाई फक्त दुकानासमोरून जाताना पलीकडच्या बाजूनं जायला लागली. काकूला अजून ती पलीकडची बाजू दिसते.

तेव्हापासून काकूचे तीन प्रश्न. शेवटची मावशी कधी आली? पोटात बाळ असू शकतं का? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का? या तिन्हींची उत्तरं दिल्याशिवाय बायकांच्या औषधाचा खण उघडायचा नाही. चालू पाळीत दोंगक्वाय मागितलं तर "थांबेपर्यंत थांब" म्हणून परत पाठवायची. अंगावरून फार जात असेल तर "माझ्याकडे काय आलीस, दवाखान्यात जा" म्हणून हाकलायची. सगळं चांगलंच. फक्त हे सगळं ती रस्त्याच्या पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची.

आता प्रश्न एकच होता. ही मुलगी कोण? तीन दिवसांचा काढा म्हणजे तीन पुड्या. एक रस्त्यावर पडली होती. दोन अजून कुणाच्या तरी घरात होत्या.

तसं शोधायला अवघड नव्हतं. या आठवड्यात हा काढा काकूनं एकदाच बांधला होता, काल संध्याकाळी, केस कापणाऱ्या आ-पुईला. तिनं तिन्ही उत्तरं पाढ्यासारखी म्हटली होती. मावशी अठ्ठावीस दिवसांपूर्वी, बाळ नाही, गोळ्या नाहीत. काकूला तेव्हाच खटकायला हवं होतं. अठ्ठावीसच दिवस झाले तर लांबली कुठं? पण टीव्हीवर मालिका लागली होती, त्यात नायिकेची चोरी पकडली जाणार होती, आणि काकूनं पुड्या बांधून दिल्या. आता ती आठवण येऊन तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

आ-पुईच्या दुकानात एक बाई बेसिनमध्ये मान टाकून पडली होती आणि आ-पुईच्या हातांना कोपरापर्यंत फेस होता.

"काय गं, काढा घेतलास का?" काकूनं दारातूनच विचारलं.

"घेतला की, काकू! मस्त वाटतंय."

"कसा लागला?"

"छान. गोड होता."

बेसिनमधली बाई डोळे मिटूनच म्हणाली, "दोंगक्वाय नि गोड? कुठल्या दुकानातलं गं? मलाही सांग."

आ-पुईचा चेहरा उतरला. काकू आत आली, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर ठाण मांडून बसली.

"कुणासाठी नेलास?"

"मी शब्द दिलाय, काकू. मरेन पण सांगणार नाही."

"मरायचं नंतर बघू. नाव नको सांगूस. दिवस किती वर गेलेत तेवढं सांग."

आ-पुईनं फेसाळ हातांनीच मोजल्यासारखं केलं. "एकोणीस."

"एकोणीस! आणि माझ्यासमोर अठ्ठावीसचा पाढा म्हणालीस, टवळे?"

"मग काय करणार?" आ-पुईही आता चिडली. "तुम्ही असं कोकलून विचारता! परवा मासेवालीच्या मुलीला विचारलंत, तर समोरच्या सायकलवाल्यानं तारीख लिहून घेतली असेल! कोण येणार तुमच्यासमोर? आणि त्यातून ती तर..."

"ती तर काय?"

"काही नाही."

"फोन लाव तिला. सांग, दुसरी वाटी घ्यायची नाही. एक घोटसुद्धा नाही. बाळ असेल तर हा काढा त्याचा वैरी आहे."

आ-पुईचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं हात एप्रनला पुसत फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. "उचलत नाहीये," ती रडवेली होऊन म्हणाली. "झोपली असेल. हल्ली दिवसासुद्धा झोपतेय. शाळेला सुट्टी लागल्यापासून तर नुसती..."

आणि तिनं जीभ चावली.

शाळेला सुट्टी. काकू स्टुलावरून उठायला गेली नि पुन्हा बसली. गावात शिक्षिका शंभर असतील. पण आ-पुईची शाळेपासूनची मैत्रीण एकच, आणि सुट्टी लागल्यापासून सोफ्यावर आडवी पडणारी शिक्षिकाही एकच. ती काकूच्याच घरात राहत होती. काकूची सून, सुत-यिंग.

काकू एकोणसाठ वर्षांची आहे. गेल्या दहा वर्षांत तिला कुणी पळताना पाहिलं नव्हतं. त्या सकाळी सगळ्या गल्लीनं पाहिलं. हातातली छत्री तलवारीसारखी पुढं धरून ती पळाली, तिठ्यावरच्या चोथ्यावरून उडी मारली, आणि तीन जिने एका दमात चढली. वर पोचेपर्यंत दम लागला होता, पण ओरडायला पुरेल एवढा उरला होता. काय काय बोलायचं ते जिन्यातच ठरलं होतं. घरात जडीबुटीचं दुकान असून मैत्रिणीकडून चोरून मागवतेस? अक्कल कुठं गहाण टाकलीस?

स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि पंखा पाचावर फिरत होता. मातीचं काढ्याचं भांडं धुऊन पालथं घातलेलं, ओलं. ओट्यावरच्या वाडग्यात दुसरी पुडी भिजत होती. करडईच्या फुलांनी पाणी पिवळं-तांबूस झालं होतं. बाजूला खडीसाखरेचे चार खडे काढून ठेवले होते. आणि सुत-यिंग स्टुलावर बसून, गुडघ्यांत हनुवटी खुपसून त्या वाडग्याकडे बघत होती, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी.

काकूनं तोंड उघडलं. आणि ते खडीसाखरेचे चार खडे पाहून जिन्यात ठरवलेलं सगळं गळून पडलं. तिनं वाडगं उचललं, मोरीत ओतलं, नळ सोडला.

"किती प्यायलीस?" आवाज तिलाच ओळखू आला नाही, इतका हळू होता.

सुत-यिंग दचकून उभी राहिली. खोटं बोलायला तोंड उघडलं, मग सासूच्या चपलांवर चढलेली धूळ नि तिच्या धापा पाहून बेत सोडला. "दोन घोट. मग सगळं बाहेर आलं. वासच सहन झाला नाही, आई. म्हणून चोथा पण लगेच टाकून आले. आता साखर घालून, नाक दाबून पिणार होते."

"मळमळ कधीपासून?"

"दहा-बारा दिवस."

"झोप येते?"

"सारखी."

"आणि मावशी एकोणीस दिवस नाही. अगं शहाणे, वर्गातल्या पोरांना बेरीज शिकवतेस ना?"

सुत-यिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं लिंबूचहामुळे असेल."

"कशामुळे?"

"बर्फाचा लिंबूचहा. शाळेच्या फाटकाशी मिळतो. मोठा ग्लास, सुट्टी लागेपर्यंत रोज प्यायचे. तुम्ही नेहमी म्हणता ना, थंड प्यायलं की मावशी अडते. मला वाटलं तशीच अडली असेल. तुम्हाला कळलं तर बोलणी बसतील, म्हणून कळायच्या आत मोकळी करावी म्हटलं."

काकूला हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. तिनं ओट्याला टेकून दम खाल्ला. "ती चाचणीची पट्टी करून बघायची."

"दोन वर्षांत अकरा वेळा केली. अकरा वेळा एकच रेघ. आता डबी बघितली तरी धडकी भरते. कशाला उगाच बाराव्यांदा."

"मग मला विचारायचं होतंस! गावातल्या बायका माझ्याकडे..."

"तुम्ही गावातल्या बायकांना विचारता, आई." सुत-यिंग आधी कधी असं बोलली नव्हती, त्यामुळे बोलताना तिचे कान लाल झाले. "मला कधी काही विचारलंत? मला सांगता. थंड पिऊ नको. पाय उघडे टाकू नको. सूप संपव. या महिन्यातलं सूप जास्त कडू आहे, पण संपव. आठ महिने मी बाळासाठी कबुतराचं सूप पितेय आणि मला कबुतर आवडत नाही."

"आवडत नाही?"

"अजिबात नाही."

नळ अजून चालू होता. काकूनं तो बंद केला. तिला दुकानातला आपला आवाज आठवला, तीन प्रश्न, त्यांची ती ऐट. घरात एकही प्रश्न विचारला नव्हता हे तिला आज, ओल्या भांड्यासमोर उभं असताना कळत होतं, आणि त्याची लाज वाटत होती.

"चप्पल घाल," ती म्हणाली. मग घसा खाकरला. "म्हणजे, येतेस का माझ्याबरोबर? दवाखान्यात?"

दवाखान्यात नंबरला वीस बायका होत्या. नंबर आला तेव्हा दार उघडंच राहिलं, कारण आमच्या दवाखान्यात ते नीट बंद होत नाही. डॉक्टरीणबाई वयानं सुनेएवढी, आवाजानं थेट काकूची बहीण.

"शेवटची पाळी कधी?" तिनं खणखणीत विचारलं. बाहेरच्या वीस माना वळल्या.

सुत-यिंगनं तारीख सांगितली.

"काही औषध घेतलंय? गावठी, काढा, काही?"

"दोन घोट..." सुत-यिंग पुटपुटली.

"मोठ्यानं! काय होतं त्यात?"

काकू पुढं झाली. एरवी उत्तरं तीच ऐकून घ्यायची. आज तिलाच द्यायचं होतं. "दोंगक्वाय, पीचच्या बिया, करडई," ती म्हणाली. "दोन घोट, सकाळी सात वाजता. उलटी झाली."

"आणि हा असा काढा न तपासता दिला कुणी?"

बाहेरच्या वीस माना आणखी पुढं झाल्या. काकू इतकी वर्षं विचारत होती. भर गर्दीत उत्तर द्यायला काय वाटतं, ते तिला आता समजलं. पाय पळायला बघतात.

"मी," ती म्हणाली. "क्वानच्या दुकानातली क्वान मी. दुसरीच्या नावानं नेला, पण विचारणं माझं काम होतं. मी टीव्ही बघत होते."

डॉक्टरीणबाईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि सुत-यिंगला आतल्या पलंगावर झोपवलं.

पडदा ओढला गेला. काकू बाहेर उभी राहिली. बाकावर तीन जणींनी जागा करून दिली तरी बसली नाही. तिनं छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती, आणि मनात एकच चाललं होतं. पलीकडच्या बाजूनं जाणारी आणखी एक बाई नको. आणि ती आपल्याच घरातली तर नकोच नको.

मग आतून टकटक ऐकू आली. भिंतीपलीकडं कुणीतरी भराभरा कांदा चिरतंय असा आवाज.

"हा ठोका," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सात आठवड्यांच्या आसपास. आज तरी छान आहे. दोन घोट नि तेही उलटून पडले, तेव्हा घाबरून जाऊ नका, पण आठवड्यानं पुन्हा दाखवा. रक्त दिसलं, पोटात दुखलं, तर लगेच या. आणि तोवर मला विचारल्याशिवाय एक पानसुद्धा नाही. काढा नाही, सूप नाही, शेजारणीनं दिलेलं तर मुळीच नाही."

"कबुतराचं सूप?" सुत-यिंगनं आशेनं विचारलं.

"ते चालेल, हवं तर."

"नको आहे तिला," काकू पडद्याबाहेरून म्हणाली. "तिला आवडत नाही."

आत सुत-यिंग हसली, आणि हसता हसता रडायला लागली. ते ऐकून काकूलाही रडू फुटलं, आणि बाकावरच्या अनोळखी बायकांनी तिचे हात धरले. काकूच्या मुलाला फोन लावला तर त्याला पहिली पाच मिनिटं काही कळेना, कारण दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

घरी जाताना ऊन चढलं होतं. शाळेच्या फाटकाशी लिंबूचहाची गाडी होती. सुत-यिंगनं तिकडं पाहिलं नाही. म्हणजे इतक्या कटाक्षानं पाहिलं नाही की काकूला कळलंच.

"आंबट खावंसं वाटतंय?" काकूनं विचारलं.

"थोडंसं."

काकू तरातरा गाडीपाशी गेली. चहावाला तिला ओळखत होता. अख्खं गाव ओळखत होतं. थंड पिणाऱ्या मुलींना भर रस्त्यात झापणारी बाई म्हणून त्यानं ग्लास आधीच लपवायला घेतले.

"एक लिंबूचहा दे," काकू म्हणाली. "फिका कर. मोठा ग्लास."

चहावाल्यानं आधी तिच्याकडे, मग सुनेकडे पाहिलं. पलीकडं ज्यूसवाली, सायकलवाला आणि खेळून घरी चाललेली दोन पोरं सगळे थांबून बघायला लागले. "बर्फ किती, काकू?" त्यानं भीत भीत विचारलं. "नेहमीइतका, कमी, की नकोच?"

काकूच्या जिभेवर "नकोच" तयार होतं. चाळीस वर्षं ते तिथंच बसलेलं होतं. तिनं ते गिळलं, चांगलं मोठं होतं म्हणून गिळायला वेळ लागला, आणि मागं वळली.

"आ-यिंग," तिनं सुनेला विचारलं, इतक्या हळू की ज्यूसवालीला काहीच ऐकू आलं नाही, "किती बर्फ हवा गं तुला?"